शेरा : निरंक

घरातलं म्हातारं माणूस काही नवं करायला निघालं की सगळ्यात आधी पारा चढतो तो मुलांचा. भाऊसाहेबांच्या घरीही तेच झालं. रविवारची सकाळ, टेबलावर चहाचे तीन कप आणि मधोमध सोळा पानांचं संमतीपत्र. मुलाने ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर टेबलावर आपटलं.

"बाबा, हे काय खूळ डोक्यात घेतलंय? एकाहत्तराव्या वर्षी लशीची चाचणी? आणि ती तुमच्यावर?"

"माझ्या एकट्यावर नाही रे. आठशे जण आहेत. सगळे पासष्टच्या पुढचे."

"म्हणजे आठशे म्हाताऱ्यांना वेड लागलंय, म्हणून तुम्हालाही लागायला हवं?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. भाऊसाहेबांनी शांतपणे संमतीपत्राचे कोपरे जुळवले आणि कागद पुन्हा सरळ रेषेत ठेवले. कागद वाकडा पडलेला त्यांना बघवत नसे.

बघवेल कसा? पाणीपुरवठा कार्यालयात पस्तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस तो! त्यांची रजिस्टरं म्हणजे कार्यालयाची शान होती. दिवसभरात आलेल्या तक्रारी ते आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने टिपत आणि चार वाजता शाईच्या पेनाने रजिस्टरात उतरवून काढत. पस्तीस वर्षांत एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. काही अडचण, बिघाड, उशीर झाला असेल तर तिथे लिहायचा. भाऊसाहेबांच्या रजिस्टरात त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द असे, 'निरंक'. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एकदा हसत विचारलं होतं, "काय हो, तुमच्या भागात नळ फुटतच नाहीत की काय?" सगळे हसले, भाऊसाहेबही हसले. नळ इतरांसारखे त्यांच्याही भागात फुटत होते. फक्त ते पाठकोऱ्या कागदावर फुटत होते, रजिस्टरात नाही.

असा हा माणूस लशीच्या चाचणीला का निघाला होता, ते मुलाला माहीत होतं. म्हणूनच तो जास्त चिडला होता. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याची आई गेली. आधी साधा खोकला, मग ताप, मग छाती भरली आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. त्या आजारावर लस होती. भाऊसाहेबांनी ती महिनाभर आधीच डॉक्टरांकडे मागितली होती. डॉक्टर म्हणाले होते, "तिच्या वयाच्या माणसांवर ही लस कोणी नीट तपासलेलीच नाही. किती द्यावी, झेपेल की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. थोडं थांबू या." ते थांबले. आजार थांबला नाही.

"कोणीतरी तपासून घ्यायला हवी होती," एवढंच भाऊसाहेब आता म्हणाले. "तेव्हा कोणी तपासून घेतली नाही."

 मुलाने कप उचलला, चहा गार झालेला पाहून पुन्हा ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण माझी एक अट. जरा जरी काही झालं, नुसती कणकण आली, तरी दुसऱ्या दिवशी नाव काढून घ्यायचं. कबूल?"

"कबूल."

वाचकहो, ही अट मायेपोटी घातली होती यात शंका नाही. पण आपण घरोघरी अशीच माया करतो. 'काही झालं तर बघा हं!' असं म्हणतो, आणि मग काहीच झाल्याचं आपल्या कानावर येत नाही, याचं आपल्याला समाधान वाटतं.

चाचणी केंद्र एका जुन्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा, आणि टेबलामागे दोरीचा चष्मा गळ्यात अडकवलेल्या सिस्टर. त्यांनी सोळाच्या सोळा पानं मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "आता हेच मला तुमच्या शब्दांत सांगा."

भाऊसाहेबांनी घडाघडा सांगितलं. निम्म्या लोकांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी मिळणार. कोणाला काय मिळालं ते सिस्टरनाही कळणार नाही. मधेच सोडून जायचं असेल तर कारण विचारलं जाणार नाही.

"शंभरपैकी शंभर!" सिस्टर हसल्या. दंडात सुई गेली, अर्धा तास बसवून ठेवलं, आणि निघताना त्यांनी एक थर्मामीटर, एक फोन नंबर आणि एक पातळ वही हातात दिली. सात दिवस, दिवसाला एक पान. ताप किती, दंड दुखतो का, थकवा, डोकेदुखी, चक्कर, आणि खाली मोकळी जागा.

"एक सांगून ठेवते, भाऊसाहेब. इथे पास-नापास नाही. दुखलं तर दुखलं लिहायचं. आणि लिहायचं ते त्याच दिवशी."

"अहो सिस्टर, माझी उभी हयात रजिस्टरं लिहिण्यात गेली!"

सिस्टर निर्धास्त झाल्या. खरं तर इथेच त्यांनी काळजी करायला हवी होती, पण ते त्यांना कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी पहाट उलटताना भाऊसाहेबांना हुडहुडी भरली. ताप एकशे एक पॉइंट चार. ते तोंड धुवायला पलंगावरून उठले आणि डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. गुडघ्यांतलं बळच गेलं. खोलीतल्या बेसिनची कड हाताला लागली म्हणून बरं, नाहीतर सरळ फरशीवरच! कोपर आपटलं. बेसिन धरून ते खाली बसून राहिले. सगळं पुन्हा जागेवर यायला सात मिनिटं लागली. सात हा आकडा नेमका, कारण समोरच्या घड्याळावर त्यांची नजर होती. पलंगावर परत आल्यावर त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने सगळं टिपलं. वेळ, ताप, 'उठताना अंधारी', 'बेसिन धरून बसलो', 'कोपर'.

दारावर टकटक झाली. "बाबा, बरं आहे ना?"

"हो हो, झकास!"

आवाज इतका खणखणीत निघाला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी ते नेहमीसारखे फिरायला गेले. कोपरावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल सूनबाईंनी विचारलं तेव्हा कपाटाच्या दाराला दोष दिला. कपाट काही बोललं नाही. सातव्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी शाईचं पेन काढलं, ती पातळ वही उघडली आणि सातही पानं एका बैठकीत भरली. ताप नाही. थकवा नाही. चक्कर नाही. खालच्या मोकळ्या जागेत वळणदार अक्षरात 'निरंक'.

लिहिताना त्यांच्या मनात काय होतं? लबाडी म्हणावी तर ती नव्हती. कणकणीचं कळलं तर मुलगा नाव काढायला लावेल, ही भीती होती. केंद्रातली ती भली माणसं इतकी धडपड करतायत, एका म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणून त्यांच्या लशीला बट्टा कशाला, असंही वाटलं. शिवाय चक्कर आली ती लशीनेच कशावरून? वय झालं की येतेच. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती ती पस्तीस वर्षांची सवय. वरच्याला दाखवायचा कागद कोरा हवा!

सिस्टरनी वही चाळली. "काहीच झालं नाही?"

"काही नाही."

त्या त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. पण लिहिलेलं होतं ते होतं. भाऊसाहेब जिना उतरले ते परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे.

भाऊसाहेब राहत त्या इमारतीत तळमजल्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तर त्र्याहत्तर वर्षांचे. पायाने चालवायच्या मशीनवर अजून रोज आठ तास बसत. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन दूरच्या गावी. भाऊसाहेब रोज संध्याकाळी खाली उतरत, कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसत, आणि जगात काय चुकतंय याचा दोघे मिळून निकाल लावत. मास्तर उलट्या टोकाचा माणूस. चुकीची शिवण दिसली की गिऱ्हाइकासमोरच उसवत आणि "माझंच चुकलं" म्हणून मोकळे होत. भाऊसाहेबांना त्याचं मनातून नवल वाटे.

एका संध्याकाळी मास्तरांनी मशीन थांबवलं.

"भाऊसाहेब, मीही नाव द्यावं म्हणतो. आपलंही काही उपयोगी पडलं तर बरंच. पण माझं तुमच्यासारखं नाही. घरात मी एकटा. रात्री-अपरात्री काही झालं तर हाक मारायलाही कोणी नाही. म्हणून विचारतो. तुम्हाला काही झालं का? खरं सांगा हं."

इथे, याच जागी, सगळं वळण घेऊ शकलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण घरात जे मुलाला सांगितलं, केंद्रात जे सिस्टरना सांगितलं, ते तिसऱ्या ठिकाणी बदलायचं कसं?

"पापणीसुद्धा लवली नाही, मास्तर! वहीत सातही दिवस निरंक आहे."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तीन आठवड्यांनी मास्तरांनी सुई घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाऊसाहेब वर्तमानपत्र घेऊन खाली उतरले, तर दुकानाचं दार नुसतंच लोटलेलं. आत मशीनचा आवाज नाही. "मास्तर?" त्यांनी हाक मारली. मागच्या खोलीतून क्षीण आवाज आला.

मास्तर पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत पडले होते. उजवा पाय विचित्र वळलेला. सकाळी सातपासून ते तसेच होते. ओठ कोरडे पडलेले, कपाळ तापलेलं. समोर खिळ्याला सिस्टरच्या फोन नंबरचा कागद लटकत होता.

"उठताना चक्कर आली हो," ते भाऊसाहेबांचा हात घट्ट धरून म्हणाले. "काल संध्याकाळपासूनच कणकण होती. सिस्टरना फोन करणार होतो. पण म्हटलं, भाऊसाहेबांना तर काहीच झालं नव्हतं. म्हणजे हे माझंच काहीतरी असणार. उगाच लशीला कशाला बोल लावायचा?"

 भाऊसाहेबांना स्वतःच्या मनातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होतं, आणि तो दुसरा माणूस जमिनीवर पडलेला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. लेक रात्रभर प्रवास करून आली.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. सिस्टर चाचणीतल्या प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारत होत्या. "सुई घेतल्यानंतरच्या तीन दिवसांत उठताना चक्कर आली होती का? घाई नको. नीट आठवून सांगा, भाऊसाहेब."

समोर सोफ्यावर मुलगा बसला होता. कान इकडेच.

"नाही," भाऊसाहेब म्हणाले.

फोन ठेवला तसा मुलगा उसळला. "बघितलंत? मी कानीकपाळी ओरडत होतो. मास्तर पायातून गेले! तुमचं नशीब म्हणून तुम्हाला काही झालं नाही."

भाऊसाहेब उठून आपल्या खोलीत गेले. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. पहिलं खोटं त्यांच्याकडून सवयीने झालं होतं. हे दुसरं मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून सांगितलं होतं, मास्तर पडल्यावर सांगितलं होतं. याला काय म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्रात जाऊन बसले. खिशात कॅलेंडरचं ते पान होतं. कच्चा कागदही फाडून टाकायचा नाही, ही हेडक्लार्कची सवय निदान कामाला आली.

"सिस्टर, मला एक कोरी वही द्या. सात दिवसांचं पुन्हा नीट लिहून देतो."

"पुन्हा? का?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. सिस्टरनी चष्मा डोळ्यांना लावला आणि पेन्सिलीच्या ओळी वाचल्या. एकदा वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. चष्मा काढला.

"मास्तर इथे आले तेव्हा तुमचं नाव सांगत होते. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. 'खरं सांगा' म्हणाले होते." भाऊसाहेबांचा आवाज फुटला. "माझ्यामुळे झालं हे! माझ्या एका शब्दामुळे तो माणूस तीन तास जमिनीवर पडून राहिला!"

सिस्टरनी उठून पाण्याचा पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला. पण त्यांनी 'तसं काही नाही हो' असं म्हटलं नाही.

"ते पडले ते लशीमुळे की वयामुळे, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यांना लस मिळाली की मिठाचं पाणी, तेही आम्हाला माहीत नाही. पण ते फोन न करता उठले, ते तुमच्या शब्दावर विसंबून. हे मी खोटं कशाला सांगू?"

"मला वाटलं, तुमच्या कामाला डाग नको."

"डाग?" सिस्टर पहिल्यांदाच चिडल्या. "भाऊसाहेब, ज्याला काहीच होत नाही असा म्हातारा आम्हाला हवा होता असं वाटलं तुम्हाला? आम्हाला तुम्ही हवे होतात. तुमचा ताप, तुमची चक्कर, तुमचं आपटलेलं कोपर. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत, तुमच्या पत्नीच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते? माहिती नाही, म्हणाले होते. ती माहिती देण्यासाठी म्हणून तुम्ही हा जिना चढून आलात. आणि माहिती अंगावर आली तेव्हा ती खिशात घालून घरी ठेवलीत!"

भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. बायकोच्या आठवणीने त्यांनी इतक्या गोष्टी केल्या होत्या, पण तिच्याशी आपण बेइमानी केली हे त्यांना आत्ता, या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पहिल्यांदा कळलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"म्हणूनच कोरी वही द्या," ते पुटपुटले.

"कोरी मिळणार नाही. इथे चुकलेलं पुसत नाहीत आणि त्याच्यावर पांढरा रंगही लावत नाहीत." सिस्टरनी त्यांची जुनी वही काढून दुसऱ्या दिवसाचं पान उघडलं. "चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, आजची तारीख घालायची आणि सही करायची. चूक झाली होती हेही दिसलं पाहिजे आणि कोणी दुरुस्त केली तेही."

पस्तीस वर्षांत ज्या हाताने एकही रेघ मारली नव्हती, त्या हाताने पेन उचललं. 'निरंक'वरून रेघ गेली. ती वाकडी गेली. शेजारी त्यांनी लिहिलं : ताप १०१.४. उठताना अंधारी. सात मिनिटं बसून. कोपराला मार. वर्षानुवर्षांचं सुंदर अक्षर त्या दिवशी कोंबडीच्या पायांसारखं उमटलं.

आतून डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पान वाचलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "चक्कर आल्याचं सांगणारे तुम्ही सहावे. आधीच्या पाचांनी फोनवर सांगितलं. त्यांनाही वाटलं होतं, वयामुळे असेल, कशाला लिहायचं. आता उद्यापासून नियम बदलतोय. पहिले दोन दिवस सोबतीला माणूस असल्याशिवाय सुई द्यायची नाही. रोज सकाळी सिस्टरच फोन करतील. उठण्याआधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं. तुम्हाला पुढची सुई द्यायची की नाही ते बघू, पण तपासणीला येत राहा."

"हे तीन आठवडे आधी कळलं असतं तर..." भाऊसाहेब म्हणाले. 

तिथून ते थेट रुग्णालयात गेले. मास्तर उशांना टेकून बसले होते, लेक शेजारी सफरचंद कापत होती. तिने पुढे केलेली खुर्ची भाऊसाहेबांनी घेतली नाही. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. बेसिन, कोपर, वही, आणि फोनवरचं ते दुसरं 'नाही'.

लेकीने सुरी खाली ठेवली. "काका, बाबा तुमच्या भरवशावर..." तिला पुढे बोलवेना. ती बाहेर निघून गेली.

मास्तर बराच वेळ पांघरुणाची शिवण बोटाने चाचपत राहिले. शिवी दिली असती तर भाऊसाहेबांना हलकं वाटलं असतं.

"तुम्ही खरं सांगितलं असतंत ना, भाऊसाहेब," शेवटी ते म्हणाले, "तरी मी नाव दिलंच असतं. मी भित्रा थोडाच आहे! फक्त पहिले दोन दिवस तुम्हाला दुकानात आणून बसवलं असतं. बटणं लावायला दिली असती."

भाऊसाहेबांना हुंदका आवरेना.

"आणि मी दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला विचारलं होतं."

घरी येऊन त्यांनी मुलालाही सांगितलं. मुलाचं तोंड उघडलं. 'मी म्हणत होतो' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सूनबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब जरा. बाबांनी लपवलं ते चुकलंच. पण आपण दाराबाहेरून 'बरं आहे ना?' विचारलं, आणि 'झकास' ऐकून डबा घेऊन कामाला गेलो. आत येऊन बघितलं का आपण? चक्कर आली म्हणाले असते तर आपण काय केलं असतं? भांडलो असतो."

 थोड्या वेळाने मुलगा वडिलांच्या खोलीत गेला, पलंगावर बसला आणि त्याने त्यांचं कोपर उघडून बघितलं. डाग कधीच गेला होता. तरी तो बघत बसला.

आता भाऊसाहेब दर मंगळवारी केंद्रात जातात. नव्याने आलेल्या लोकांमध्ये बसतात, आपली सगळी हकीकत काही न गाळता सांगतात, आणि मग म्हणतात, "नाव जरूर द्या. पण वहीत खोटं लिहिणार असाल तर कृपा करून घरीच बसा." काहीजण त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघतात. त्यांची त्याला तयारी असते.

मास्तर चार महिन्यांनी चालू लागले, वॉकर धरून. पण एकटं राहणं आता शक्य नव्हतं. लेक त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. दुकान बंद झालं. पायाने चालवायचं मशीन कोणालातरी देऊन टाकलं. संध्याकाळ झाली की भाऊसाहेबांचे पाय जिन्याकडे वळतात, आणि पहिल्या पायरीवरच थांबतात.

परवा रविवारी मास्तरांचा फोन आला.

"काय म्हणता, भाऊसाहेब? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. पण मास्तर, मला बरं वाटत नाही. तुम्ही गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते. आणि तुमचा पाय आठवला की झोप लागत नाही."



"मलाही इथे करमत नाही," मास्तर म्हणाले. "आणि राग अजून गेलेला नाही माझा, तेही सांगून ठेवतो. पण फोन करत जा."

बंधुभगिनींनो, आपण म्हातारी माणसं 'मला काही झालेलं नाही' असं म्हणतो आणि त्याला सोशीकपणा समजतो. पण आपण गिळलेलं दुखणं दुसऱ्या कोणाच्यातरी वाट्याला जातं. विज्ञानाला आपला दंड हवा असतो, तशीच आपली खरी हकीकतही हवी असते. दंड देऊन हकीकत लपवणं हे दान नव्हे. आणि तरुणांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाराबाहेरून विचारू नका. आत जा, शेजारी बसा, आणि ते जे सांगतील ते ऐकून घेतल्यावर निदान त्या दिवशी तरी 'मी म्हणत होतो' असं म्हणू नका. भाऊसाहेबांच्या घरी एवढं जरी कोणी केलं असतं, आणि भाऊसाहेबांनी एवढं जरी धाडस दाखवलं असतं, तर मास्तर आज आपल्या मशीनवर बसलेले असते.